कणकेची परात, सुमारे १८७०

महान कलाकृती कुणा एकाच्या मालकीची नसते, ती अखिल मानवजातीची असते. डॉ. प्रेस्टन व्हिटलॉक यांच्या साडेतीन किलो वजनाच्या ग्रंथातलं हे पहिलं वाक्य. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर जी महान कलाकृती छापली होती ती मात्र एका अमेरिकन आदिवासी गावातल्या इसिद्राच्या मालकीची होती. १९७४ साली इसिद्रा अल्बुकर्कीच्या दवाखान्यात पित्ताशय काढून घेत असताना तिच्या धाकट्या भावानं, लुकारियोनं, ट्रकच्या गिअरबॉक्सपायी ती परस्पर विकली. गिअरबॉक्स बसवलेला ट्रक गॅलपपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. लुकारियो परत आला.

कलाकृती म्हणजे कणीक मळायची परात. मातीची, दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावेल एवढी, बाहेरून पांढऱ्या मातीचा लेप देऊन त्यावर काळ्या-तांबड्या रंगात ढग आणि पक्षी काढलेली. ती इसिद्रानं पंधराव्या वर्षी घडवली, सोलेदाद मावशीच्या नजरेखाली. आई लहानपणीच गेल्यामुळे इसिद्राला मावशीनंच वाढवलं होतं, आणि मावशीची नजर ही साधी गोष्ट नव्हती. भांड्याच्या काठाखालून जी काळी रेघ फिरते तिची टोकं कधी जुळवायची नसतात. बोटभर वाट मोकळी सोडायची. का, ते गावात कुणी विचारत नाही. इसिद्रानं एकदा विचारलं होतं तेव्हा मावशीनं उत्तर तोंडानं दिलं नव्हतं, हातानं दिलं होतं.

तर रेघ ऐन टोकाशी आली आणि समोरून फिलिमोन घोड्यावरून गेला. फिलिमोन दिसायला बरा होता, घोडा त्याहून बरा होता. इसिद्राची मान वळली, हातातला युक्काच्या झुडपाच्या पात्याचा कुंचला चालत राहिला, आणि रेघेची टोकं जुळली. हे कुणाच्या लक्षात आलं तेव्हा परात भाजून निघाली होती. मावशीनं मेंढ्यांचे खूर कापायचा चाकू घेतला, परात मांडीत धरली आणि अर्धा तास भाजलेला रंग खरवडत बसली. तेवढा वेळ ती इसिद्राशी फिलिमोनबद्दल आणि फिलिमोनच्या घराण्याबद्दल बोलत होती. वाट मोकळी झाली, पण वाकडी. तिच्यात तीन खोल ओरखडे उरले.

पुढं लग्न फिलिमोनशीच झालं. तेवीस वर्षं इसिद्रानं ऑगस्टमधल्या सणाचे पाव त्या परातीत मळले. मळताना डाव्या हातानं काठ धरला की बोटं बाहेरून बरोबर त्या ओरखड्यांवर जात. मावशी वारली, तिच्या शाली भाचरांत वाटल्या गेल्या, घर दुसऱ्यांनी घेतलं. मावशीचं म्हणून इसिद्राकडं राहिलं होतं ते एवढंच, तीन ओरखडे. आणि तेही विकले गेले.

परात जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती, पण यंदा गोष्ट जरा निकडीची होती. इसिद्राचं मनगट गेलं होतं. सणाचे पाव आता मुलीनं, नोरानं, करायचे असं ठरलं होतं. त्यांच्या घरात हे काम तोंडानं सोपवत नाहीत. आधी थोरलीनं परातीत हात घालायचा, मग धाकटीनं त्याच कणकेत घालायचा, आणि थोरलीनं काढून घ्यायचा. मावशीनं इसिद्राच्या बाबतीत हेच केलं होतं. नोराच्या मते कुठलंही भांडं चाललं असतं. इसिद्राच्या मते नोराच्या मताची गरज नव्हती.

नोरा गावच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. डॉ. व्हिटलॉकचा ग्रंथ तिथं बाहेरच्या बाकावर आला, कुणीतरी उदार मनानं भेट दिलेला. खोकला आणि मधुमेह यांच्यामधल्या वेळेत लोकांनी आपल्याच पणज्यांची मडकी पाहावीत ही कल्पना असावी. मुखपृष्ठ पाहून नोरानं ग्रंथ कुणाला न विचारता कोटाखाली घातला. साडेतीन किलोचा ग्रंथ कोटाखाली दिसतो, पण दवाखान्यात कुणी बोललं नाही.

घरी जेवणाच्या टेबलावर तिनं तो वाचून दाखवला. परातीखाली लिहिलं होतं: अज्ञात महागुरू, सुमारे १८७०. त्यापुढं चार पानं त्या खरवडलेल्या जागेबद्दल होती. एका प्राध्यापकाच्या संशोधनानुसार ही ‘दुखवट्याची रेघ’ होती. जिचं मूल दगावलं अशा मातेनं, भांडं भाजून झाल्यावर, शोकविधीचा भाग म्हणून, स्वतःच्या आयुष्याची रेघ स्वतःच्या हातानं तोडली होती. हा विधी आता लुप्त झाला असून गावातले लोक त्याविषयी बोलायचं टाळतात, यावरूनच त्याचं पावित्र्य ध्यानात येतं. इसिद्रानं ते दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, मावशी असती तर तिनं चाकू घेऊन प्राध्यापकालाही खरवडलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात नोरा तिला गाडीतून सांता फेला घेऊन गेली.

डॉ. व्हिटलॉक हे दातांचे डॉक्टर. ओहायोत तीस वर्षं लोकांच्या तोंडात पाहून झाल्यावर ते इकडं आले आणि मडक्यांच्या तोंडात पाहू लागले. त्यांच्या अंगावर एवढा निळा फिरोजा होता की इसिद्राच्या सगळ्या भाऊबंदांच्या अंगावर मिळून सणाच्या दिवशीही तेवढा नसतो. घर मातीचं दिसावं म्हणून सिमेंटचं बांधलेलं होतं. आत दोनशे चाळीस मडकी काचेमागं उभी होती. एकाही मडक्यात काहीही ठेवलेलं नव्हतं.

डॉक्टर फार आदरानं वागले. इसिद्राला त्यांनी तिच्या गावच्या मातीबद्दल माहिती दिली, लेप कसा देतात ते सांगितलं, झिलईच्या गोट्याबद्दल सांगताना हातानं करून दाखवलं. ते चुकीचं होतं, पण मनापासून होतं. इसिद्रानं विचारलं, परात बघू का. त्यांनी कुलूप काढलं आणि दोघींना पांढरे सुती हातमोजे दिले. हाताला तेल असतं, ते मातीला बाधतं, असं ते म्हणाले. ज्या परातीत तेवीस वर्षं चरबी घालून कणीक मळली होती ती इसिद्रानं हातमोजे घालून धरली. ओरखडे जागेवर होते. हातमोज्यातून ते लागत नव्हते.

“ही मी केली,” इसिद्रा म्हणाली.

डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटले. मग ते नोराकडं वळून म्हणाले की हे फार सुंदर आहे. तुमच्या लोकांत माणूस आणि त्याचे पूर्वज वेगळे नसतात, कुणीही एक बोललं की सगळे बोलतात. त्यांनी खिशातून छोटा टेप काढून चालू केला.

“पूर्वजांनी नाही, मी केली. एकावन्न साली. आणि ही रेघ माझ्या मावशीनं खरवडली, कारण माझं लक्ष नवऱ्याकडं होतं. म्हणजे तेव्हा तो नवरा नव्हता.”

डॉक्टरांनी टेप बंद केला. तीस वर्षांच्या सवयीनं त्यांचा आवाज मऊ झाला, दात काढण्याआधी होतो तसा. “इसिद्रा, वाईट वाटून घेऊ नका. पण १९०० नंतर तुमच्या गावात असा हात कुणाला राहिलेलाच नाही.”

आगगाडी आली, तिच्यातून प्रवासी आले, आणि कारागिरांचा हात भ्रष्ट झाला. त्यानंतरचा सगळा बाजारू माल. असला माल आपण गॅरेजमध्येसुद्धा ठेवत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेच ग्रंथातही होतं. परात सणापुरती द्याल का, असं नोरानं विचारल्यावर ते खरोखर दुखावले. पाणी, पीठ, हात. परातीला कणकेपासून जपणं हीच आज आपली जबाबदारी आहे. मात्र जूनमध्ये शहरात संग्रहाचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, तिथं इसिद्रानं येऊन आपल्या भाषेत आशीर्वाद द्यावा अशी त्यांची इच्छा होती. जेवण होतं. जायच्या-यायच्या पेट्रोलची व्यवस्था होती.

परतीच्या वाटेवर बर्नालिओ गाव लागलं. ग्रंथात मला गुरूंमध्येही महागुरू म्हटलंय ना, असं इसिद्रानं तिथं नोराला विचारलं. हो म्हणाल्यावर ती अर्धा मैल खूश होती. नंतर तिला राग आला, आणि तो घरापर्यंत टिकला.

घरी लुकारियो टेबलाशी बसून ग्रंथ चाळत होता. सत्तावीस वर्षांत परातीचा विषय निघाला की तो उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जाई. त्याच्या कोंबड्या गावात सगळ्यांत जाड होत्या. पण आज तो उठला नाही. परातीच्या बुडाचा फोटो होता त्या पानावर तो अडकला होता. बुडावर धुराचे काळे डाग होते. ग्रंथात त्यांना ‘जलपक्ष्यांची पावलं आणि पाताळातला सूर्य’ असं म्हटलं होतं. लुकारियोनं ग्रंथ उलटा केला, सुलटा केला, मग बाहेर जाऊन गाडीचा तुटका आरसा आणला आणि पानासमोर धरला.

“ताई,” तो म्हणाला, “हा आपल्या बापाचा ट्रक.”

मडकी भाजताना सरळ जमिनीवर ठेवत नाहीत. खाली रिकामे डबे, गंजके पत्रे, जे हाताला लागेल ते घालतात, वर पत्र्यांचा आडोसा करतात आणि भोवती गोवऱ्या रचतात. पत्रा कुठं भांड्याला टेकला तर तिथं काळा डाग उमटतो आणि मावशी शिव्या देते. त्या दिवशी बुडाखाली सरकवलेला पत्रा होता बापाच्या ट्रकच्या जुन्या नंबरची पाटी. आरशात २०-४१८ स्वच्छ दिसत होतं. बाजूला साल ४९. आणि पाताळातला सूर्य म्हणजे राज्य सरकार गाडीच्या प्रत्येक पाटीवर छापतं तो सूर्य. लुकारियोकडं पुरावाही निघाला. आठ वर्षांचा लुकारियो ट्रकच्या पुढच्या बंपरवर बसला आहे आणि त्याच्या दोन पायांच्या मधोमध नंबर आहे, असा फोटो.

इसिद्राला वाटलं, झालं. आता आपण केली हे सिद्ध झालं, आता मान्य करावंच लागेल. लुकारियोनं मान हलवली. गिअरबॉक्सच्या बदल्यात परात देणारा माणूस व्यवहारात अगदीच कच्चा नसतो.

“तू ती चांगली आहे म्हणून मागतेस. म्हणून तो देत नाही. वाईट आहे म्हणून मागायला पाहिजे.”

“वाईट नाहीये ती.”

“मला सांगतेस? मी विकलीय.”

इसिद्रानं त्याला कोंबड्यांकडं जायला सांगितलं. पण म्हणणं बरोबर होतं. डॉक्टरच्याच ग्रंथाप्रमाणं १९०० नंतरचं सगळं कचरा. परात जितकी हलकी ठरेल तितकी लवकर घरी येणार. म्हणजे आयुष्यात आपल्या हातून झालेली सर्वांत चांगली वस्तू कचरा आहे, हे इसिद्राला चारचौघांत, पाहुण्यांसमोर, सिद्ध करून दाखवायचं होतं.

प्रदर्शनाला तीनशे माणसं आली. परात मधोमध, एकटी, वरून दिवा सोडलेली. गावातून आठजण आले होते, त्यात यंदाचे गव्हर्नर, म्हणजे गावचे प्रमुख, यूलोहियोही होते. गावकारभाराची चांदीची मूठ असलेली काठी सोबत, कारण तशी विनंती होती, आणि जेवण आहे हे कळलं होतं. डॉक्टर बोलले. प्राध्यापक जास्त बोलले. दुखवट्याच्या रेघेपाशी पोचल्यावर प्राध्यापकांचा आवाज दाटला आणि पुढच्या रांगेत दोन बायकांनी रुमाल काढले.

मग इसिद्रा उभी राहिली. तीनशे माना खाली गेल्या.

तिनं गावच्या भाषेत सगळं सांगितलं. मावशी कशी होती, फिलिमोनचा घोडा कसा होता, रेघ कशी जुळली, मावशी खरवडताना फिलिमोनच्या आजीला काय काय म्हणाली. ते तिनं शब्दशः सांगितलं, कारण आशीर्वाद लांबलचक असावा अशी डॉक्टरांची अपेक्षा होती. मागं आठ गावकरी उभे होते. मग एकाच्या नाकातून आवाज निघाला. आजीचा भाग आला तेव्हा गव्हर्नरांनी तोंडासमोर टोपी धरली, त्यांचे खांदे हलू लागले आणि डोळ्यांतून पाणी आलं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी मागं वळून ते अश्रू पाहिले आणि पुन्हा रुमाल काढले.

माना वर आल्यावर संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळातल्या एका बाईनं हळूच विचारलं, यातलं काही आम्हाला कळू शकेल का, की ते गुप्त आहे. नोरा पुढं झाली.

“गुप्त नाही. आई म्हणते, परात तिनं एकावन्न साली केली. रेघेत चूक झाली म्हणून तिच्या मावशीनं ती खुराच्या चाकूनं खरवडली. खालचे डाग आमच्या आजोबांच्या ट्रकच्या नंबरचे आहेत. आरसा आणलाय.”

त्या बाईंना उत्साह फार. डॉक्टर नको म्हणेपर्यंत त्यांनी हातमोजे घातले होते, आणि काचेच्या पेटीपाशी नेमलेला मदतनीस परात तिरकी धरून उभा होता. बाईंनी आरशात पाहून आकडे मोठ्यानं वाचले. मग लुकारियोनं दिलेला फोटो पाहिला आणि तेच आकडे पुन्हा वाचले. कुणीतरी हसलं, ते आवरलं गेलं. प्राध्यापक म्हणाले की विधीचा अर्थ यानं बदलत नाही, उलट अधिक गुंतागुंतीचा होतो. त्यांच्याकडं कुणी पाहिलं नाही.

डॉक्टर परातीकडं पाहत होते. इतकी वर्षं ज्या दातावर प्रेम केलं तो कवळीचा निघावा, तसं.

“म्हणजे,” ते म्हणाले, “ही एका शाळकरी पोरीची चूक आहे.”

इसिद्राला त्या वेळी पुष्कळ काही म्हणता आलं असतं. ढगांच्या पायऱ्या किती सारख्या आल्यात ते बघा म्हणता आलं असतं. आता याच्याहून चांगला हात दाखवा, म्हणता आलं असतं. नोरा तिच्याकडं बघत होती. गव्हर्नरांनी टोपी डोक्यावर ठेवली होती.

“हो,” इसिद्रा म्हणाली.

जेवायला ती थांबली नाही. बाकीचे थांबले.

लुकारियोचा अंदाज महिन्याचा होता, दोन महिने लागले. त्या काळात ग्रंथाचं मुखपृष्ठ बदललं; परातीच्या जागी दुसऱ्या गावचा एक रांजण आला, त्याही गावच्या बायका तो पाहून गालातल्या गालात हसतात असं कानावर आलं. सणाला दोन दिवस राहिले असताना एक लाकडी पेटी दारात आली. आत फेस, फेसात कागद, कागदात परात. सोबत डॉ. व्हिटलॉक यांचं सुंदर अक्षरातलं पत्र होतं. ही वस्तू ऐतिहासिक नसल्यामुळे आपल्या संग्रहात तिला स्थान नाही. ती मूळ मालकिणीला सप्रेम भेट. भेट देताना ती सदोष स्थितीत देणं मनाला पटेना, म्हणून आपल्या दुरुस्तीकाराकडून, स्वखर्चानं, रेघेला झालेली इजा नीट करून घेतली आहे.

इसिद्रानं काठ धरला. बोटं बाहेरच्या बाजूनं फिरली. जागा गुळगुळीत होती. ओरखडे भरून काढले होते, वर पांढरा लेप, त्यावर काळी रेघ, टोकाला टोक जुळवून. काम इतकं सफाईचं होतं की जोड कुठं आहे हे घडवणारीलाही सापडेना. ती बराच वेळ एका जागी बोट दाबून बसली. मग तिनं परात टेबलावर ठेवली आणि भट्टीसाठी लाकडं आणलीत का, असं विचारलं. लुकारियो तिथंच बसला होता. तो उठून कोंबड्यांकडंही गेला नाही.

सणाच्या आदल्या दिवशी पहाटे पीठ, चरबी, मीठ, खमीर परातीत पडलं. इसिद्रानं हात घातले. डाव्या हातानं काठ धरला, ओल्या हातानं, जसा नेहमी धरायची तसा. मग नोरानं घातले. दोघींचे हात थोडा वेळ त्याच कणकेत होते, आणि इसिद्रानं आपले काढून घेतले. डाव्या हाताची बोटं काळी झाली होती. कणकेतही राखाडी पट्टे उतरले होते. संग्रहालयाचे दुरुस्तीकार पाण्यानं निघेल असाच रंग वापरतात. उद्या तज्ज्ञांचं मत बदललं तर पूर्ववत करता यावं म्हणून. ओरखड्यांत भरलेली लांबीही ओली होऊन सुटत होती. नोरानं फडकं उचललं. आईनं तिचा हात धरला आणि मळत राहा म्हणून सांगितलं. काठाखाली बोटं ठेवून ती तिथंच उभी राहिली. कणीक निम्मी मळून होईपर्यंत पहिला ओरखडा बोटाला लागला, पुरी होईपर्यंत तिसरा.

पुढच्या कणका पांढऱ्या निघाल्या. पहिल्या कणकेचे सहा पाव मात्र भट्टीतून करडे निघाले. टाकायचं कुणाच्या मनात आलं नाही. सणाच्या दिवशी ते सांता फेहून आलेल्या पाहुण्यांच्या टेबलावर ठेवले, आणि लुकारियोनं ते निळ्या मक्याच्या पिठाचे आहेत, त्याचा रंग असाच येतो, म्हणून सांगितलं.

ते सहा आधी संपले.